मागच्या सीटवरचा आवाज

आईला गाडी लागते. एसटी लागते, वडाप लागतं, चुलतभावाची नवीकोरी एसी कार तर सगळ्यात जास्त लागते, सातारच्या पोवई नाक्यावरनं निघून यवतेश्वरच्या घाटात दोन-तीन वळणं झाली की तिचा चेहरा पांढरा पडलेला असतो आणि हातात लिंबू. पण मोटरसायकलवर तिला काही म्हणजे काही होत नाही. उघड्यावर वारा असतो, वळण यायच्या आधी गाडी कलली की अंगाला कळतं, त्यामुळं असेल. तर वडील गेल्यापासून आम्ही दोघं असेच फिरतो, गोंदवले, शिखर शिंगणापूर, पालीचा खंडोबा, औदुंबर, नरसोबाची वाडी. ती अडुसष्ट वर्षांची आहे, डबल सीट चढायला तिला कट्टा लागतो, म्हणून तर रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० घेतली, सीट बुटकी आणि मागं पाठ टेकायला बॅकरेस्ट बसवून मिळतं, पिकअप-बिकअप मी बघितलंच नाही.

या गाडीवर टेप बसवायचा खटाटोप मी दीड वर्ष केला. गाणी वाजवायच्या स्पीकर-सेटला आमच्याकडं अजून टेपच म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी. आणि हे सगळं सविस्तर लिहायचं कारण, या दीड वर्षात मला आवाजाबद्दल, वायरिंगबद्दल आणि माझ्याच गाडीच्या मागच्या सीटबद्दल जे कळलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आई आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात आहे. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात बसतात, पंधरा-सोळा बायका, एक पेटी, एक पखवाजवाला पोरगा आणि बाकी टाळ. नवीन अभंग घेतला की मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात आणि मग आठवडाभर ज्या त्या बाईनं घरी ऐकून पाठ करायचा. गेली चार-पाच वर्षं आईचं इथंच अडायला लागलं. चाल तिला पटकन येते पण शब्द निसटतात. वहीत लिहून घेते, तरी म्हणताना शेवटचं अक्षर भलतंच.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि कागदावरचा आलेख आमच्यापुढं धरला, तो कागद मी अजून जपून ठेवलाय. डावीकडं जाड, खालच्या पट्टीचे आवाज, उजवीकडं बारीक, वरच्या पट्टीचे. आईची रेघ डावीकडं ठीक चालते आणि २००० हर्ट्झच्या पुढं घसरगुंडीसारखी खाली येते. वयानं कान असाच जातो म्हणाले, बारीक आवाज आधी. आता भाषेचं असं आहे की आ, ओ, ऊ हे स्वर जाड आवाजात असतात, ते कानावर पडतात, म्हणून माणूस बोलतंय हे कळतं. पण स, श, फ, त, थ, ख ही अक्षरं त्या घसरगुंडीवर बसलेली असतात. म्हणून आई म्हणते "ऐकू येतंय रे, पण कळत नाही." आम्ही घरातली माणसं काय करत होतो तर मोठ्यानं ओरडत होतो, म्हणजे जे तिला येतच होतं ते आणखी मोठं करत होतो.

कानाला मशीन घेतलं. घरात चांगलं चालतं. पण हेल्मेट घातलं की मशीन शिट्टी मारतं, कारण कानाला चिकटून काहीतरी आलं की मशीनचाच आवाज परत त्याच्या माइकमध्ये शिरतो. हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम मी आधी तोच घेतला होता, चांगला होता, पण मशीन आणि तो एकत्र नांदेनात आणि मशीन काढून नुसता इंटरकॉम लावला तर कानाच्या पाळीवर त्याचा स्पीकर टोचतो म्हणून दहाव्या किलोमीटरला ती हेल्मेट काढायला मागायची. हेल्मेट काढणं हा विषयच नाही आमच्याकडं. म्हणजे राहिलं काय, तर उघड्यावरचे स्पीकर. गाडीवर तीन-चार तास आम्ही रिकामेच असतो, तेवढ्या वेळात तिचा अभंग पाठ व्हावा, शब्दासकट, एवढीच माझी मागणी होती.

मग मी दुकानं धुंडाळायला लागलो. परदेशात मोठ्या टूरिंग गाड्यांना हे जुनं आहे, होंडाच्या गोल्डविंगला १९८० च्या इंटरस्टेट मॉडेलपासनं कंपनीकडनंच रेडिओचा ऑप्शन होता, पण त्या गाड्यांना पुढं भिंतीएवढी काच आणि फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण असतं, त्याच्या आडोशाला स्पीकर. आपल्या गाडीला हँडल, टाकी आणि समोरनं येणारा सगळा वारा. बाहेरचे ब्रँड, रॉकफोर्ड फॉसगेट वगैरे, माझ्या खिशाच्या बाहेरचे. आणि आपल्या बाजारात जे मिळतं त्या प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं असतं १००० वॅट.

हे १००० वॅट प्रकरण नीट समजून घ्या. आपल्या गाडीची बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवर. पुढचा दिवा ६०/५५ वॅटचा, आणि एप्रिल २०१७ पासनं नव्या दुचाकीला हेडलाईट कायम चालू, बंद करायचं बटणच नाही, म्हणजे साडेचार अँपिअर तर तिथंच सतत जातात. आता खोकं उघडा आणि त्या अँप्लिफायरच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याच्या, लाल वायरीवरचा फ्यूज बघा. माझ्या हातात जे खोकं होतं त्याच्यावर १० अँपिअरचा होता. १२ गुणिले १० म्हणजे १२०. जो डबा १२० वॅटच्या वर आत घेऊच शकत नाही तो १००० बाहेर देणार कुठनं? बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत किती देतो ते, आणि तो आकडा बहुतेक वेळा खोक्याच्या मागं एकदम बारीक अक्षरात असतो नाहीतर नसतोच.

आणि वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट झाला असं नसतं. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जेमतेम फरक. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्याला वॅट दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकर मुळात किती तिखट आहे ते बघावं, एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल देतो ते. ८७ वाला आणि ९३ वाला यांच्यात ६ डेसिबल, म्हणजे चौपट वॅटचा फरक फुकटात मिळाला, बॅटरीवर काहीही भार न टाकता. हा एक आकडा मला आधी कळला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते.

पण तेव्हा कळला नव्हता. एका मोठ्या शहरात अशा ॲक्सेसरीजचं मोठं दुकान आहे, काचेचं, आत एसी, मी तिथं गेलो आणि हँडलवर बसणारे दोन गोल क्रोमचे स्पीकर बसवून घेतले. दिसायला झकास. दुकानात उभ्या गाडीवर लावले तर रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. फिटिंगला अर्धा तास लागला. अर्ध्या तासात हे काम होत नाही, हे मला आता माहिती आहे.

श्रावणातला सोमवार. आई आणि मी क्षेत्र महाबळेश्वरला निघालो, मेढ्यावरनं, केळघरच्या घाटानं, पाचगणीची गर्दी नको म्हणून. घाटात धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसायचा आणि गाडी नाही. वळणावर मी हॉर्न दाबला, एकदा वाजला, दुसऱ्यांदा दाबला तर नाही. टेप पण गप्प. मला वाटलं स्पीकरमध्ये पाणी गेलं. पुढं एका टपरीशी थांबलो तर मागनं आलेला जीपवाला उतरून माझ्यापाशीच आला, "दादा, ब्रेक लाईट लागत नाय तुमचा, मी दोनदा चढलो असतो." त्या दुकानदारानं टेपची वायर हॉर्नच्या वायरीला पिळा मारून जोडली होती, वर इन्सुलेशन टेप, बास. हॉर्न आणि ब्रेक लाईट बऱ्याच गाड्यांत एकाच फ्यूजवर असतात. पावसात पिळ्यात पाणी गेलं, फ्यूज उडाला आणि सगळंच एकदम गेलं. त्या धुक्यात मी आईला मागं बसवून चार-पाच किलोमीटर बिनब्रेकलाईटचा, बिनहॉर्नचा आलो होतो, आणि ती बिचारी मागं निवांत होती.

राग आला, खूप आला, पण त्याच्याहून वाईट वाटलं ते त्या टपरीवर चहा घेताना. मी म्हटलं, टेप गेला बहुतेक. तर ती म्हणाली, "लावला होता होय रे?"

सातारला परत आल्यावर मला कुणीतरी जुन्या एमआयडीसीतल्या एका वायरमन काकांचं नाव सांगितलं. सातारच्या माणसाला महाराष्ट्र स्कूटर सांगायला नको, १९७५ ची कंपनी, प्रिया स्कूटर इथं बनायची, काका उमेदीत तिथं लागले होते आणि कंपनीचं उत्पादन थांबल्यावर त्यांनी ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीला खिळ्यावर वायरीची भेंडोळी आणि बाहेर ऊसवाहतुकीचे दोन ट्रॅक्टर. कारण काकांचं मुख्य काम ट्रॅक्टरचे टेप. सीझन आला की शेंद्र्याच्या नाहीतर कऱ्हाडच्या कारखान्याकडं दोन-दोन ट्रेलर लावून जे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यांच्यावरचे ते अंगावर येणारे स्पीकर, ते काकांसारखी माणसं बसवतात. मला ते आवाज आवडत नाहीत, मागच्याचा हॉर्न त्या ड्रायव्हरला ऐकू येत नाही आणि मागं अडकलेला माणूस वैतागून नको तिथं ओव्हरटेक करतो. हे मी काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खरं हाय. पर बारा तास एकला बसतंय ते पोरगं, झोप लागंल त्याला." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी गप्प बसलो.

पण उघड्यावरचा आवाज काय असतो हे त्या माणसाइतकं मला कुणी समजावलं नाही. ते म्हणाले, कारमध्ये बेस वाजतो कारण ती बंद पेटी आहे, आवाज आत फिरतो, मोटरसायकलला पेटी कुठंय, ढगाला बेस ऐकवायचाय का? शिवाय वाऱ्याचा घोंघाट स्वतःच जाड आवाजाचा असतो, त्यामुळं ढोल आणि बेस आधी तोच गिळतो. ८० च्या स्पीडला हेल्मेटच्या आतसुद्धा वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो आणि ८५ डेसिबलच्या वर आठ तासांपेक्षा जास्त राहू नये म्हणतात, पुढं दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा. म्हणजे ८० च्या स्पीडला वाऱ्याला हरवायचं म्हटलं तर त्या स्पीकरनं कानाचं नुकसानच करायचं. वाऱ्याशी भांडायचं नाही, स्पीड कमी करायचा. आम्ही तसंही पन्नास-साठनंच जातो.

मग काकांनी विचारलं, "ऐकणार कोण?"

म्हटलं, आई, मागं बसते.

"मग म्होरं कशाला लावलाय?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. दीड हजार रुपयाचे हँडलवरचे क्लॅम्प, चाळीस वेळा बघितलेले व्हिडिओ, वॅट, ब्लूटूथ, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बाजारातला प्रत्येक सेट चालवणाऱ्यासाठी बनवलेला असतो, तोंड त्याच्याकडं, आणि मागच्या माणसाच्या आणि स्पीकरच्या मध्ये चालवणाऱ्याचं अख्खं धूड असतं. जाड आवाज अंगाला वळसा घालून मागं जातात, बारीक आवाज नाही जात, ते सरळ रेषेत जातात आणि पाठीवर अडतात. म्हणजे आईला जी अक्षरं आधीच कमी येतात नेमकी तीच माझ्या पाठीनं अडवून धरली होती.

काका म्हणाले बस मागं. चावी त्यांनी घेतली आणि मी माझ्या स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा मागं बसलो. तीन वर्षं गाडी वापरतोय, एकदाही बसलो नव्हतो. एमआयडीसीच्या रस्त्यानं त्यांनी दोन चकरा मारल्या. मागं बसल्यावर पहिलं कळलं ते हे की समोर काही दिसतच नाही, शर्टाची शिवण दिसते. वारा समोरनं नाही, चालवणाऱ्याच्या खांद्यावरनं वळून कानाच्या मागं येऊन आदळतो. खड्डा पुढच्याला दिसतो आणि मागच्याला थेट बसतो. आणि आवाज, हँडलवरच्या त्या झकास स्पीकरांचा आवाज, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमध्ये लग्न असल्यासारखा, नुसती धाप धाप. आई इतके महिने हे असं बसून मला "छान वाटतंय" म्हणत होती.

टेस्टला मी मंडळाचं रेकॉर्डिंगच लावलं होतं, आणि त्याच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, पेटीचा सूर लागल्यावर आणि पहिली ओळ सुरू व्हायच्या आधी, कुणीतरी बाई शेजारणीला हळू आवाजात म्हणते, "हिला हात कर गं, हिला कळत नाही कधी उचलायचं." मी ते पहिल्यांदा घरी रात्री हेडफोनवर ऐकलं. आईबद्दलच होतं. त्यात टोमणा काही नव्हता, उलट मायाच होती, पण मला कितीतरी वेळ पुढचं गाणं ऐकू आलं नाही. पुढं टेस्टला मी तेच वाक्य धरलं. कुजबुज म्हणजे सगळी बारीक आवाजाची अक्षरं, घशाचा आवाज त्यात नसतोच. ते वाक्य मागच्या सीटवर कळलं तर अभंगाचा शब्द न् शब्द कळणार, असा माझा हिशोब.

काकांनी हँडलवरचं सगळं उतरवलं. मी परत एक यादी केली, या वेळी मागच्या सीटवरनं. स्पीकर चार इंचाच्या आतले, बेस नको, माणसाचा आवाज स्पष्ट पाहिजे, चार ओहमचे, ९० च्या वर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मघाचा तो तिखटपणाचा आकडा. कागदी कोनाचे नकोत, आपल्याकडच्या पावसात कागद फुगतो आणि आवाज बसतो, पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि कडेला रबर, बोटीवर लावतात तसले. आयपी ६६ किंवा ६७ बघावं, त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा, ६६ म्हणजे जोराच्या फवाऱ्याला टिकेल, ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मोटरसायकलला फवारा लागतो, डुबकी नाही, तेव्हा नुसतं ६७ बघून भुलू नये. अँप्लिफायर क्लास डीचा घेतला, २५-२५ वॅट आरएमएस. हा प्रकार वीज फार वाया घालवत नाही, तापतही नाही, पूर्ण आवाजाला पाच अँपिअरच्या आसपास, आणि अभंग काही पूर्ण आवाजात सतत वाजत नसतो, नेहमीचा खर्च त्याच्या कितीतरी खाली.

वायरिंगला काकांनी पूर्ण दिवस घेतला, दुसऱ्या दिवशीचा अर्धा. लाल वायर थेट बॅटरीवरनं, आणि बॅटरीपासनं चार बोटांच्या आत फ्यूज, साडेसात अँपिअरचा. फ्यूज लांब टेपजवळ लावला तर मधली वायर कुठं घासून बॉडीला लागली की ती पेटते आणि फ्यूजला पत्ताच नसतो, हे ते बोलता बोलता सांगत होते. मधे रिले, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर बॅटरीची वायर जोडणारा-तोडणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ ला अँप्लिफायर, ८६ ला चावीनंतर चालू होणारी वायर, ८५ ला अर्थ. चावी बंद केली की टेप मुळापासनं बंद, नाहीतर ब्लूटूथ रात्रभर जागा राहतो आणि आठ दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली. गाडीच्या मूळ वायरिंगला एकच ठिकाणी हात लावला, तोही नीट थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून, वर स्लीव्ह तापवून. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला सेन्सरच्या वायरी असतात, तिथं पिळे मारायचे नाहीत.

काळी वायर पहिल्यांदा त्यांनी चेसीला लावली आणि चालू केल्यावर गाण्यात बारीक सूंऽऽ यायला लागलं, रेस केली की ते पण चढायचं, रेस सोडली की उतरायचं. मला धडकी भरली. काकांनी शांतपणे वायर सोडवून बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, सूं गेलं. "प्रियाला बघ, बॅटरीच नव्हती," ते स्पॅनर पुसत म्हणाले, "लाईट इंजिनवर. रेस केली की लखलखाट, सोडली की दिवटी. तवा कळायचं इंजिन किती वीज देतंय. आता बॅटरी सगळं झाकती." मग मल्टीमीटर लावून दाखवलं, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४ च्या जवळ, हेडलाईट आणि टेप दोन्ही चालू असताना आयडलला सुद्धा १३ च्या वर. म्हणजे बॅटरी खर्च होत नाही, भरतेय. हे माप घेतल्याशिवाय कुणाकडनंही गाडी ताब्यात घेऊ नका.

स्पीकर बॅकरेस्टच्या दांडीला दोन्ही बाजूनं, आईच्या खांद्याच्या थोडं खाली, तोंड वर कानाकडं. ब्रॅकेट काकांनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडनं बनवून घेतलं, मधे ट्यूबच्या रबराचे वायसर आणि लॉकनट, कारण एक सिलेंडरची गाडी सगळे नट हळूहळू सैल करते. खोक्याच्या तळाला पाणी जायला एक भोक. इंडिकेटर झाकत नाही ना, बॅग अडकत नाही ना, आईचा पदर कुठं गुंतणार नाही ना, हे काकांनी उशीचा अभ्रा बांधून बघितलं. आईच्या हेल्मेटला कानापाशी कंपनीनंच दिलेला खळगा आहे, इंटरकॉमचे स्पीकर बसायचे तिथं, तो रिकामा ठेवला. आतलं थर्माकोल कापून जागा करणारी माणसं मी बघितली आहेत, ते कधीही करू नका, डोकं वाचवतं ते थर्माकोल.

मग मी परत मागं बसलो. चाळीसला कुजबुज कळली, शब्दासकट. पन्नासला आहे एवढं कळलं. साठला गेली. पण अभंग साठला पण कळत होता, त्यातला श आणि स वेगवेगळा ऐकू येत होता, आणि पुढं बसलेल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले मला वाजतंय एवढंच कळतंय. मला हवं होतं तेच. पुढच्याला रस्त्याचे हॉर्न ऐकू आले पाहिजेत. आवाज आमच्यापुरता. सिव्हिलवरनं किंवा शाळेवरनं जाताना बंदच करतो, दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, आणि रात्री दहानंतर लावत नाही. गावात शिरताना तर आईच पाठीवर थाप मारते.

पहिल्या खेपेला गोंदवल्याला निघालो. आदल्या रात्री मोबाईलमध्ये ते रेकॉर्डिंग उघडून सुरुवातीचे ते काही सेकंद कापून टाकावेत म्हणून मी बसलो होतो. टेस्टचं काम झालं होतं, आता तिला कशाला ऐकवायचं. कात्रीच्या खुणेवर बोट ठेवलं आणि परत उचललं. रेकॉर्डिंग तिचं होतं, तिच्या मंडळाचं.

सकाळी साडेसहाला निघालो, कोरेगाव सोडलं, उन्हं यायची होती, दोन्ही बाजूला आल्याची शेतं आणि पाण्याचा ओला वास. अभंग फिरून फिरून लागत होता. चौथ्या की पाचव्या वेळी मला पाठीमागनं हेल्मेटमधनं तिचा आवाज आला, ती बरोबर म्हणत होती. मी आरसा वळवून बघितलं, ओठ हलत होते, आणि एका ठिकाणी ती अडली, थांबली, पुढच्या फेरीला तोच शब्द वेगळा म्हटला. वर्धनगडचा घाट चढताना तर हातानं माझ्या पाठीवर ताल. पुसेगावच्या अलीकडं ओळीनं स्पीडब्रेकर आहेत, तिथं मी वीसवर आलो आणि नेमकं त्याच वेळी रेकॉर्डिंग संपून परत पहिल्यापासनं सुरू झालं.

पाठीवर थाप पडली. मला वाटलं गाव आलं म्हणून. मी आवाज बंद केला तर परत थाप.

"थांब जरा बाजूला."

एका लिंबाखाली थांबलो. ती कट्टा बघून उतरली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, पर्समधली डबी काढून मशीन कानाला लावलं.

"गाण्याच्या आधी कोण बोलतंय? ते लाव परत."

मी लावलं. गाडी बंद, नुसती चावी चालू, लिंबावर चिमण्या. ती स्पीकरपाशी वाकून, एक हात बॅकरेस्टवर ठेवून ऐकत होती. पेटीचा सूर, मग ते वाक्य, मग पहिली ओळ. तिनं हातानं बंद कर म्हणून खूण केली. मी बंद केलं. तिच्या तोंडाकडं मला बघवेना, मी उगीच आरसा पुसत बसलो.

"माझ्या शेजारी बसते ती," आई म्हणाली. "दर वेळी असा हात करते बघ." तिनं हवेत हात थोडा उचलून दाखवला. "मला वाटायचं ताल धरते."

मग मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये, पर्सची चेन लावली. हेल्मेट घातलं आणि पट्टा मला लावायला दिला, नेहमीसारखी मान वर करून.

"लाव परत," ती म्हणाली. "ते दुसरं कडवं अजून बसलं नाही."